शोध थांबला, असं ते म्हणत नाहीत

अकोल्याच्या कोर्टासमोरच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. बाहेर पाटी आहे, 'इंग्रजी-हिंदी-मराठी भाषांतर करून मिळेल'. जिना अरुंद आणि उभा. म्हातारी माणसं भिंतीला हात लावत चढतात, त्यामुळे चुन्यावर कमरेच्या उंचीचा एक काळपट पट्टा उमटलाय. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा तो परत उमटला.

एका मासिकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. इंग्रजी वाक्प्रचारांचे घोटाळे वगैरे. लोकांना आवडतं." मी हो म्हणाले. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे गमती फार नाहीत. ज्या आहेत त्या सुरुवातीला गमती वाटतात, पुढे तशा राहत नाहीत.

आधी काम काय ते सांगते. जन्माचे, लग्नाचे दाखले, शेतीचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, हे माझं रोजचं पीठ-मीठ. आता त्यातलं बरंचसं फोनच करतो आणि बऱ्यापैकी बरोबर करतो, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. तरी लोक जिना चढून येतात. येतात ते एखादं असं वाक्य घेऊन, ज्यातला शब्द न् शब्द त्यांना कळतो आणि वाक्य कळत नाही. आपण नाही का म्हणत, 'त्यानं ऐनवेळी हात वर केले' किंवा 'माझ्या पोटात गोळा आला'? इंग्रजाला हे शब्दाला शब्द लावून सांगितलं तर तो पोटाचा डॉक्टर बोलावेल. त्यांच्याकडेही असंच आहे. त्यांच्या मांजरी पावसात पडतात, त्यांच्या पिशवीतून बोके निघतात. कॉलेजात असताना मला याची फार हौस होती. पाठ करायची, मैत्रिणींना ऐकवायची.

या धंद्यात बसल्यावर वेगळीच गोष्ट कळली. साधं बोलणं चालू असतं तोवर माणूस साधं इंग्रजी बोलतो. नोकरीवरून काढायचं असलं, लग्न मोडायचं असलं, किंवा माणूस गेल्याचं सांगायचं असलं, की वाक्प्रचार निघतात. आपल्याकडेही तसंच असेल. पण आपल्या भाषेत समोरच्याला ते लागलीच कळतं. परक्या भाषेत मात्र मधे मी बसलेली असते.

दुभाष्याचा नियम साधा आहे. पदरचं घालायचं नाही आणि समोरचं गाळायचं नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी अमरावतीत एका वकिलांकडे इंग्रजी टायपिंग करायची आणि संध्याकाळी भाषांतरं. तेव्हा मोर्शीकडचे एक संत्र्याचे बागाईतदार आले. बाबाराव म्हणूया त्यांना. पांढरंशुभ्र धोतर, सोबत मुलगी. मुलीचं लग्न परदेशात नोकरीला असलेल्या मुलाशी ठरलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. मुलाचा ई-मेल आला होता, त्याची प्रिंट त्यांनी घडी घालून खिशात आणली होती. ती टेबलावर पसरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, पोराले काहीतरी बिमारी झालेली दिसते. पाय थंडे पडले म्हनते. आमच्या बुढ्याचे असेच पडले होते, चार दिवसांत गेला. ह्याचं मराठी करून द्या, मी डॉक्टरले दाखवतो. तिकडं थंडीच लय हाये म्हनते, नायीतर लोकरीचे मोजे धाडून देतो."

ओळ होती, 'आय हॅव गॉट कोल्ड फीट.' म्हणजे ऐनवेळी माझं धैर्य होत नाही, मी मागे सरतोय.

मी मुलीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. बी.एस्सी. झालेली मुलगी. तिला अर्थ ठाऊक होता. तो ई-मेल वाचला त्या क्षणापासून ठाऊक होता. तिला ते वडिलांना आपल्या तोंडानं सांगायचं नव्हतं, म्हणून ती काही न बोलता त्यांना मोर्शीहून माझ्याकडे घेऊन आली होती.

मी सांगितलं. बाबारावांनी तो कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मंग असं लिहाचं ना सरळ. पाय कावून मधात आनले?" आणि मुलीला म्हणाले, "तुले समजलं होतं?" तिनं होकारार्थी मान हलवली. दोघं उठून गेले.

ही माझी सगळ्यात विनोदी गोष्ट. मी अनेक वर्षं लोकांना हसून सांगितली. आता सांगत नाही, कारण तिच्यामागून दुसरी एक आठवते.

अकोल्याच्या जुन्या शहरात रशीदभाई गाद्या-रजया भरतात. त्यांच्याकडं पूर्वी कापूस पिंजायची कमान होती, आता मशीन आहे. दुकानात गेलं की नाका-डोळ्यांत कापसाचे बारीक तंतू जातात. त्यांचा एकुलता एक मुलगा सलीम. लग्नाच्या पंगतींमधे आचाऱ्याच्या हाताखाली स्वयंपाक शिकला, मुंबईत कुठलंसं प्रशिक्षण घेतलं आणि मालवाहू जहाजावर स्वयंपाकघरात लागला. मुंबईला जाण्याआधी त्यानं समुद्र पाहिला नव्हता. अकोल्यात पाणी म्हणजे मोर्णा नदी, तीही वर्षातले बरेच महिने नुसती जलपर्णी. जाण्यापूर्वी त्याच्या कागदांचं भाषांतर माझ्याकडेच झालं होतं. उंच, हसरा, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा. "बाई, पहिला पगार झाला का तुमाले मिठाई," म्हणाला, आणि पहिल्या सुट्टीत आला तेव्हा खरंच आणून दिली होती.

एका सकाळी रशीदभाई आणि त्यांची बायको जुबेदाबी माझ्या दारात उभे होते. घरात ते आपसांत उर्दू बोलतात, माझ्याशी आपली वऱ्हाडी. रशीदभाईंच्या हातात फोन होता.

"सलीम जहाजावर भेटून नायी राहिला, बाई," ते म्हणाले.

जहाजावरच्या एका पोरानं त्यांना फोन केला होता. संध्याकाळी सगळ्यांना जेवण वाढलं, सकाळी नाश्त्याला तो नव्हता. सगळं जहाज धुंडाळलं, नाही. मुंबईच्या ज्या एजंटानं नोकरी लावली होती त्याचा फोन बंद होता. कंपनी परदेशी, तिथल्या माणसाला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. त्यानं व्हिडिओ कॉलची वेळ दिली होती. म्हणून ते माझ्याकडे आले.

फोन मी टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. समोर एक पन्नाशीतला गोरा माणूस, चष्मा, निळा शर्ट. ग्रॅहम नाव सांगितलं. आवाज मऊ. तो वाईट माणूस नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते. त्यानं सांगितलं की जहाज मागे वळवलंय, त्या भागातल्या इतर जहाजांना कळवलंय, विमानही गेलंय. शेवटी म्हणाला, "वुई आर लीव्हिंग नो स्टोन अनटर्न्ड."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं तोच रशीदभाई पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला होता.

"स्टोन? सलीमले स्टोन झाला होता काय?"

आपल्या भागात 'स्टोन' म्हणजे मुतखडा. उन्हाळ्यात दर दुसऱ्या घरात एकाला असतो. हा इंग्रजी शब्द आमच्याकडं अडाण्यालाही येतो.

"पाहा, मी म्हटलं नव्हतं?" ते बायकोला म्हणाले. "स्टोनच्या कळा आल्या असतीन. दवाखान्यात टाकलं असन त्याले. ह्या पोरायले पत्ता नायी."

जुबेदाबीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत जी आशा होती ती आता मला पुसून टाकावी लागणार होती. पदरचं घालायचं नाही, समोरचं गाळायचं नाही.

"नाही रशीदभाई," मी म्हणाले. "ती त्यांची बोलायची पद्धत आहे. एकही दगड उलटून पाहायचा ठेवणार नाही, म्हणजे अगदी कसून शोधू."

ते मागे टेकले. जुबेदाबी हळूच म्हणाली, "समुद्रात कोन्ते गोटे, बाई?"

याचं भाषांतर मी केलं नाही. ते प्रश्न म्हणून विचारलेलंच नव्हतं.

त्यानंतर रोज कॉल. रोज दुपारी ते दोघं येत, बाकावर बसत, मी बाटलीला फोन टेकवायची. झेरॉक्सवाला खालून चहा पाठवायचा आणि तो तसाच गार व्हायचा. ग्रॅहम रोज थोडं थोडं कमी सांगू लागला. माहिती कमी झाली तसे वाक्प्रचार वाढले. एकदा त्यानं पडद्यावर दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवली, "वुई आर कीपिंग अवर फिंगर्स क्रॉस्ड." जुबेदाबीनं विचारलं, हे बोटाचं काय? मी सांगितलं, चांगलं व्हावं म्हणून ते असं करतात, आपण दुआ मागतो तसंच काहीसं.

रशीदभाई म्हणाले, "म्हंजे आता त्यायच्या हातात बी काही नायी."

अर्थ तोच होता.

आणखी एका दिवशी जुबेदाबीला रडू आवरेना. ग्रॅहम कळवळून म्हणाला, "इन अ वे, वुई आर ऑल इन द सेम बोट." आपण सगळे एकाच बोटीत आहोत. म्हणजे तुमचं दुःख ते आमचंही.

म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो लाल झाला, चष्मा काढला, "सॉरी" म्हणाला, परत "सॉरी" म्हणाला. रशीदभाई माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "त्यांनाही वाईट वाटतंय, म्हणताहेत." बोट मी गाळली. नियम मोडला, आणि उद्या तीच वेळ आली तर परत मोडीन.

मग तो दिवस. ग्रॅहमसोबत त्या दिवशी आणखी एक बाई होती, बहुधा वरिष्ठ. तिनं नाव सांगितलं नाही. कागदावरून वाचत बोलत होती. हवामान, प्रवाह, पाण्याचं तापमान. शेवटी ती थांबली, तिनं कागद बाजूला ठेवला, आणि ग्रॅहमच म्हणाला, "आय ॲम अफ्रेड वुई हॅव हॅड टु कॉल इट अ डे."

कामगारानं संध्याकाळी अवजारं ठेवून 'बस आजच्यापुरतं' म्हणावं, तसलं हे बोलणं आहे. इथं अर्थ होता, शोध थांबवला. आजच्यापुरता नाही, कायमचा.

वाक्यातला शेवटचा शब्द रशीदभाईंना कळला होता.

"डे म्हने," ते उठून उभेच राहिले. "दिवस ठरला काय, बाई? कोन्त्या दिवशी आनून राहिले त्याले? मुंबईले जा लागन का आमाले? कोन्ता दिवस?"

आपल्या लेकाला जिवंत आणताहेत की कसं, हे त्यांनी विचारलंच नाही. तोपर्यंत त्यांनी तेवढीही अपेक्षा सोडली होती. कसाही असो, आणताहेत, आणि त्याचा दिवस ठरलाय, एवढ्यानंच त्यांचा आवाज चढला होता. मी आयुष्यभर लोकांची वाक्यं इकडून तिकडे नेली. हे एक वाक्य नेण्याआधी मी बाटलीला टेकवलेला फोन उगाच सरळ केला. जुबेदाबी बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं.

"बसा, रशीदभाई," मी म्हणाले. "त्यांनी शोध थांबवला."

"मंग दिवस?"

"दिवस काही नाही. ते तसं बोलतात."

ते बसले नाहीत. फोनसमोर वाकले आणि त्या गोऱ्या माणसाला वऱ्हाडीतच म्हणाले, "साहेब, असं करू नका हो. आनखी दोन दिवस पाहा. पोहनं येत नायी त्याले, पन तो ताकदवान हाये." मी सगळं इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. ग्रॅहम खाली बघत होता. ती बाई म्हणाली की त्यांचे हात बांधलेले आहेत. मी तेही सांगितलं. हा वाक्प्रचार दोन्ही भाषांत सारखाच आहे, समजावून सांगावा लागला नाही.

पुढे काय झालं ते लवकर सांगण्यासारखं आहे. रशीदभाईंबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. तिथला माणूस सगळं ऐकून म्हणाला, "ते पानी आमच्या हद्दीत येत नायी." मुंबईतल्या जहाजवाहतुकीच्या सरकारी कार्यालयाला मी अर्ज लिहिले. उत्तरं आली, सगळी विनम्र. मोहल्ल्यात मयत समोर नसतानाच जनाज्याची नमाज झाली. आधी जुबेदाबी तयार नव्हती, मग मौलवींनी घरी येऊन समजावलं. कंपनीच्या कागदांत सलीम 'मिसिंग' आहे. त्याच्या आईबापांना कुठल्याही कामासाठी कुठं जायचं झालं की तो कागद लागतो आणि त्याचं मराठी मीच करून देते. बेपत्ता. हा शब्द लिहायला मला इतकी वर्षं कधी जड गेला नव्हता.

रशीदभाई पुन्हा दुकानात बसू लागले. मी एकदा तिकडून जात होते, तर ते रजईला टाके घालत होते. मला पाहून उठले नाहीत. "या बाई" म्हणाले आणि लांब सुई चालवत राहिले. गिऱ्हाईक भाव करत होतं, तेही ते ऐकत नव्हते.

बरेच महिने गेले. एका दुपारी जुबेदाबी एकटीच जिना चढून आली. वर आल्यावर दम लागला होता. बसली, पाणी प्यायली.

"बाई, त्या साहेबाले आनखी एक डाव फोन लावून द्यान का?"

"आता ते काही करू शकणार नाहीत, जुबेदाबी."

"करासाठी नायी. मले एक विचाराचं हाये. तवा हेच बोलत होते सगळं. मी काही बोललीच नायी."

मी ग्रॅहमला लिहिलं. मला वाटलं होतं उत्तर येणार नाही. आलं. दोन दिवसांनी वेळ ठरली. रशीदभाईंना तिनं सांगितलं होतं की नाही ते मला ठाऊक नाही, पण वेळेला तेही आले आणि बाकावर तिच्याशेजारी बसले.

पडद्यावर ग्रॅहम थकलेला दिसत होता. तिला ओळखून त्यानं मान झुकवली, ख्यालीखुशाली विचारली. मी तिला म्हणाले, "विचारा."

जुबेदाबीनं दुपट्टा नीट केला आणि थेट फोनकडं बघून बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडं न बघता त्याच्याशी बोलली.

"साहेब, त्या रोजी त्यानं सगळ्यायले वाढलं म्हनते. मंग तो सोता जेवला होता काय?"

मी सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

ग्रॅहमनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता एखादं गोलमोल वाक्य येणार, आणि मला ते हिच्यासाठी सोडवावं लागणार. मी मनात तयारी केली. तो थांबला. त्यानं चष्मा काढला.

"आय डोन्ट नो," तो म्हणाला.

मी जुबेदाबीकडं वळले, सांगायला. तिनं हात वर केला.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "हे समजलं मले."